शंकेचा बंद कप्पा

तपासणी विभागातल्या बाईंना कारखान्यात सगळे काटाताई म्हणत. काट्यांचे मीटर जाऊन आकड्यांचे आले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा अकाली गेला, तेव्हा तान्ही मुलगी सासूबाईंकडे सोपवून त्या इथे कामाला लागल्या. जुन्या मुख्य तंत्रज्ञांनी, म्हणजे सरांनी, त्यांना हाताला धरून शिकवलं. सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा ताईंकडे आली.

कारखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांचे नियंत्रक बनत. ऊब हद्दीबाहेर गेली की वीज तोडायची, हे त्यांचं काम. ती वेळेवर तुटते का, हे एक मीटर मोजायचा आणि त्या मीटरला संगणक दुरून हुकूम सोडायचा.

एका रुग्णालयातून एक नियंत्रक परत आला. वीज उशिरा तुटत होती. परिचारिकेच्या हाताला वेळीच चटका लागला म्हणून बाळ बचावलं. इथल्या तपासणीत मात्र तो पास झाला होता.

"मीटर खोटं बोलला की काय?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"आधी त्यालाच विचारू. त्याची रजिस्टरं वाचते."

"रजिस्टर? हजेरीचं?"

"तसंच समजा. फक्त यात स्वतःचं दुखणंखुपणं मीटर स्वतःच मांडतो."

रजिस्टरात छोटे कप्पे असतात, प्रत्येकात फक्त 'हो' किंवा 'नाही'. एक रजिस्टर शंकेचं. मीटर आकडा देतो, पण त्या आकड्याचा त्यालाच भरवसा नसेल, तर तिथला कप्पा 'हो' होतो. त्यातली कोणती शंका संगणकापर्यंत पोचू द्यायची, हे मात्र माणूस ठरवतो.

ताईंनी ते रजिस्टर थेट वाचलं. तापमानाच्या कप्प्यात 'हो'. वाचलं की नोंद पुसली जाते, म्हणून पुन्हा मोजून पाहिलं. पुन्हा 'हो'. मीटर उघडला, तर पंखा धुळीने जाम झालेला; मीटर आतून तापत होता आणि म्हणून त्याचे आकडे चुकत होते. मीटर सांगत होता, पण ती शंका वर जायची वाटच प्रोग्रॅममध्ये बंद केलेली होती. प्रोग्रॅममधली ती ओळ ताईंनी ओळखली. अशी ओळ सरच लिहायचे.

त्यांनी माल पाठवणं तिथल्या तिथे थांबवलं.

"कुणाचा प्रताप हा?" व्यवस्थापक म्हणाले.

"उद्या सांगते," एवढंच त्या बोलल्या.

संध्याकाळी त्या सरांकडे गेल्या. बायको गेल्यापासून सर एकटेच राहत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"मीच बंद केली," ते म्हणाले. "सकाळी मीटर थंड असायचा, तेव्हाही हीच शंका यायची, काम अडायचं. म्हटलं, आजच्यापुरती. मग हिला दवाखान्यात हलवलं, आणि माझ्या डोक्यातून ते साफ गेलं."

"सर, तुमचं नाव सांगायला जीभ रेटत नाही माझी."

"तू नको सांगूस. मी येतो."

दुसऱ्या दिवशी सर आले आणि सगळ्यांसमोर उभं राहून बोलले. व्यवस्थापक कडक माणूस, पण त्यांनी सरांपुढे खुर्ची सरकवली.

बाहेर गेलेले नियंत्रक परत मागवले. पंखा साफ करून, मीटर तपासून घेऊन, बंद वाट उघडून सर आणि ताई ते एकेक करून मोजायला बसले. बरेचसे ठीक निघाले, काही सदोष. एका रुग्णालयाने काहीच कळवलं नाही. सर रोज विचारत, "आलं का काही?" शेवटी दोघंच नवा नियंत्रक घेऊन तिकडे निघाले.

पेटी वापरात होती. आत मुठीएवढं बाळ झोपलेलं. परिचारिकेने त्याला अलगद दुसऱ्या पेटीत हलवलं. आई भिंतीला टेकून उभी होती.

"काय झालंय पेटीला?"

ताई काही बोलायच्या आत सर पुढे झाले. "माझ्या हातून एक चूक राहून गेली होती, पोरी. ती निस्तरायला आलोय."

आई बाळाच्या पेटीजवळ सरकली. मग तिने फक्त विचारलं, "माझ्या लेकराला काही झालं नाही ना?"

"डॉक्टरांनी आत्ताच पाहिलंय. बरं आहे," परिचारिका म्हणाली.

सरांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, पण त्यांना स्क्रूची खाच नीट दिसेना. ताईंनी तो काढून घेतला आणि खाली बसून जुना नियंत्रक सोडवायला लागल्या. सर त्यांच्या डोक्यावर विजेरी धरून उभे राहिले.