दोकचुलला घंटा ऐकू आली नाही

आमच्या गालमे गावच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी दारातच एक म्हातारा दिसतो. लोकांनी घाईघाईत कसेही भिरकावलेले बूट तो वाकून जोडीनं लावत असतो. हा क्वाक दोकचुल. वय एकोणसत्तर, कंबर गेलेली. "आजोबा, राहू द्या हो," असं कोणी म्हटलं तर त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तो ऐकत नाही. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस पहिल्या रांगेत बसायचा आणि मंडळीचा पंच, म्हणजे कारभार पाहणारा वडील, व्हायला त्याला अवघे नऊ दिवस उरले होते. मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं. त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

मी ओकर्ये. मंडळीचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. रविवारी ऐंशी माणसांचा भात आणि मुळ्याचं सार माझ्या नजरेखाली होतं, आणि गावात कोणाच्या घरात काय शिजतंय तेही मला बऱ्यापैकी ठाऊक असतं. जीभ तिखट आहे हे मी मान्य करते. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

आमच्याकडे प्रार्थना मुकाट्यानं होत नाही. पाळक म्हणाले, "चला, सगळे मिळून," की तीनदा प्रभूचा धावा करून सारी मंडळी एकदमच मोठ्यानं सुरू होते. ज्याचं त्याचं वेगळं. कोणी सुनेचं गाऱ्हाणं घालतं, कोणी गुडघ्यांचं, कोणी आपली पापं सांगतं. ऐंशी माणसं एकाच वेळी ओरडत असल्यावर शेजारच्याचं अक्षर कळत नाही, आणि खरं सांगायचं तर सोय तीच आहे. मनातलं सगळं बोलून मोकळं व्हायचं आणि कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. थोड्या वेळानं पाळक टेबलावरची पितळी घंटा तीनदा वाजवतात, मग सगळे गप्प.

दोकचुलचे कान डिझेलच्या इंजिनानं खाल्ले होते. जन्म गेला होडीवर, समुद्रातलं शेवाळ काढण्यात. मुलीनं कानात घालायचं यंत्र आणून दिलं, ते कपाटात पडून राहिलं. "देवाला ऐकू येतं ना? मग मला कशाला यायला हवं?" असं म्हणून तो हसायचा. पहिल्या रांगेत कर्ण्याच्या तोंडाशी बसायचा, त्यामुळे प्रवचन तेवढं कळायचं. घंटेला कर्णा नाही. ती वाजली की बायको सुकजा त्याला कोपरानं ढोसायची आणि तो गप्प व्हायचा. एवढं बेमालूम की पाळकांच्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि दोकचुलची साक्ष! साक्ष म्हणजे आपलं आयुष्य प्रभूनं कसं पालटलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. त्याची साक्ष किनाऱ्यावर गाजलेली होती. सतरा मंडळ्यांनी त्याला बोलावून ती ऐकली होती. मला तर ती तोंडपाठ होती.

"मी पट्टीचा दारुडा होतो," तो सुरू करायचा. "माझा जिवलग मित्र मानगिल. त्यानं माझ्या आधी बाप्तिस्मा घेतला, दारू सोडली. चार महिने सोडली! मग थंडीत एका सकाळी आम्ही शेवाळ काढायला गेलो, तर पठ्ठ्यानं बाटली लपवून आणलेली. मी नको नको म्हणत होतो. सुकाणू त्याच्या हातात. होडी शेवाळाची जाळी बांधलेल्या खांबांवर आदळली, तो पाण्यात गेला. उरला होता तो कामासाठी काढून ठेवलेला त्याचा कोट, दारूनं भिजलेला. तो कोट हातात घेतला आणि त्या क्षणी मी ठरवलं, हे पाप इथंच सोडायचं. मी नवा माणूस झालो."

लोक डोळे पुसायचे. मीसुद्धा पुसायचे.

मानगिलची बायको बोंगसुन आमच्याच मंडळीत, तिसऱ्या रांगेत. ती ही साक्ष किती वेळा ऐकत बसली असेल, देव जाणे. मान खाली, हात मांडीवर. त्या वेळच्या म्हाताऱ्या पाळकांनी मानगिलच्या मातीला प्रार्थनाही आखूड केली होती. नवा जन्म घेऊन पुन्हा चिखलात लोळलेला माणूस म्हणून त्याचं उदाहरण प्रवचनात यायचं. मुलांना धाक घालायला आया म्हणायच्या, "मानगिलसारखी चार महिन्यांची भक्ती नको." बोंगसुननं शिंपले सोलून मुलाला, तेसिकला वाढवलं. त्याचं लग्न ठरलं होतं शेजारच्या बंदरातल्या चांगल्या घरात. कोणीतरी मुलीच्या आईच्या कानावर घातलं की ह्याचा बाप दारूत बुडून मेला. लग्न मोडलं. तेसिक बुसानला जहाजावर गेला तो गेलाच. वर्षातून एकदा बापाच्या स्मरणाच्या दिवशी येतो, जेवतो, निघून जातो.

त्या आठवड्यात आमच्याकडे जागृतीच्या सभा होत्या. बाहेरगावचे एक प्रवचनकार आले होते, ठेंगणे, आवाज मात्र खणखणीत. शुक्रवारी सकाळी अकराच्या सभेत ते म्हणाले, "पाप सोडणं वेगळं आणि सोडल्याची गोष्ट सांगणं वेगळं. तुम्ही म्हणता, मी जुने कपडे उतरवले, ख्रिस्तात नवे घातले. फार छान! पण जुने उतरवून टाकलेत कुठं? कोणाच्या अंगावर? तो बिचारा अजून ते घालून फिरतोय का, बघा जरा."

मी भाताच्या काळजीनं मागं दाराशी उभी होते. दोकचुलची पाठ मला दिसत होती. ती एकदम ताठ झाली. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. सुकजा दोन दिवसांपूर्वीच मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, बाळंतिणीला शेवाळाचं सूप करून घालायला.

पाळक म्हणाले, "चला, सगळे मिळून." गलका उठला. छप्पर उडतंय की काय असं वाटावं इतका. मीही माझं म्हणत होते. दोकचुल दोन्ही मुठींनी छाती बडवत होता, पण त्यात विशेष काही नाही, आमच्याकडे बडवतात.

घंटा वाजली. टण, टण, टण. सगळे गप्प झाले.

एक आवाज गप्प झाला नाही.

"...मानगिल प्यायला नव्हता, प्रभू! मी प्यायलो होतो! बाटली माझी होती, सुकाणू माझ्या हातात होतं, तो ओरडत होता खांब आले खांब आले, आणि मी हसत होतो..."

पाळकांनी पुन्हा घंटा वाजवली, जोरात. दोकचुलचे डोळे घट्ट मिटलेले. गळ्याच्या शिरा टरारलेल्या.

"...तो गेला तेव्हा मी पाण्यात हातसुद्धा घातला नाही, भ्यालो! आणि मग उरलेली दारू मी त्याच्या कोटावर ओतली! मीच ओतली! वास यावा म्हणून ओतली! बत्तीस वर्षं मी त्या मेलेल्या माणसाला माझं पाप घालून फिरवतोय, प्रभू, सतरा मंडळ्यांत फिरवलंय..."

शेजारच्या बाकावरच्या माणसाचा प्रार्थनेसाठी वर गेलेला हात तसाच हवेत राहिला. कोणीतरी उठून त्याला हलवायला हवं होतं, इतकी साधी गोष्ट, पण एवढ्या माणसांत एकाचंही धाडस होईना. तो बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. तोच तोच कोट, तीच बाटली, पुन्हा पुन्हा. ते ऐकणं किती भयंकर होतं ते मला सांगता येणार नाही. आपण दुसऱ्याच्या घरात शिरून त्याला उघडं पाहतोय असं वाटत होतं, आणि नजर मात्र हटत नव्हती.

तिसऱ्या रांगेतून बोंगसुन उठली. एवढीशी बाई, चालताना डाव्या पायानं लंगडते. ती सरळ पुढं गेली, पाळकांच्या टेबलावरून तिनं घंटा उचलली, पाळकांना विचारलंही नाही. दोकचुलसमोर आली आणि त्याच्या कानाशी घंटा धरून वाजवली. टण.

त्यानं डोळे उघडले. समोर तिचं तोंड. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग त्या शांततेकडे, आणि त्याला कळलं. माणसाच्या तोंडावरचा रंग असा जाताना मी आधी कधी पाहिला नव्हता.

"आता डोळे उघडे ठेवून सांग," बोंगसुन म्हणाली. "देवाला नको, मला सांग. तो प्यायला होता का?"

"वहिनी..."

"वहिनी नको. उत्तर दे."

"नाही. एक थेंबसुद्धा नाही. मी बाटली पुढं केली तर म्हणाला, तेसिकच्या आईला शब्द दिलाय."

बोंगसुन तिथंच मटकन खाली बसली. आम्हाला वाटलं, आता ही ऊर बडवून घेणार, त्याच्या झिंज्या उपटणार. माझ्या मनात तर आलंच, उपट बाई, मी धरते त्याला. पण ती हसली. रडत रडत हसली. "म्हणजे त्यानं पाळलं," ती म्हणाली. "चार महिने नाही, शेवटपर्यंत पाळलं. आणि मी मेली त्या कोटाचा वास घेऊन बत्तीस वर्षं त्याला शिव्या घालत होते."

तो कोट तिनं टाकलेला नव्हता. पेटीत होता.

गालमेत त्या दिवशी कोणी धड जेवलं नाही. ऐंशी माणसांचा भात मी कोंबड्यांना घातला. कोणी म्हणालं ह्याला मंडळीतून काढा, कोणी म्हणालं ह्याचं तोंड बघायला नको. सुकजा परत आली, सगळं ऐकून घेतलं आणि आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. "मी कोपर मारत राहिले," ती मला म्हणाली, "दर वेळी त्याच्या तोंडचं हे मीच बंद करत होते की काय गं?" दोकचुल स्वतः चौकीत गेला. तिथं त्याला सांगितलं, आजोबा, इतक्या जुन्या गोष्टीची कायद्यातली मुदत कधीच संपली, घरी जा. पंचाच्या जागेसाठी लावलेलं आपलं नाव त्यानंच खोडायला लावलं. मग पाळकांना म्हणाला, "मला पुन्हा बाप्तिस्मा द्या. पहिला खोटा होता."

आमचे पाळक वयानं लहान, पण त्या दिवशी शहाण्यासारखे बोलले. "बाप्तिस्मा एकदाच. पाणी खोटं नव्हतं, आजोबा. तुम्ही त्यात पूर्ण उतरला नव्हता. आता उतरा."

म्हणजे काय, ते दोकचुलनं स्वतःच ओळखलं. जिथं जिथं ती साक्ष सांगितली होती त्या सतराही मंडळ्यांत जाऊन खरी सांगायची. पहिल्या रविवारी बसच्या थांब्यावर पोचला तर बोंगसुन तिथं आधीच उभी. हातात कापडात बांधलेला कोट.

"तू कशाला?" त्यानं विचारलं.

"तुझा काय भरवसा? मधलं गाळशील. मी समोर बसणार."

दोघं सतराही ठिकाणी गेली. एकदा मीही सोबत होते. तो उभा राहिला. "मी दोकचुल. मागं इथं येऊन खोटं बोललो होतो," असं सुरू केलं. तिथल्या एका म्हाताऱ्यानं संतापून बूट फेकून मारला. दोकचुलनं तो उचलला, त्याच्या पायांशी नीट ठेवला आणि पुढं बोलू लागला. बाटलीपाशी आला की अडखळायचा. मग पहिल्या रांगेतून बोंगसुन खणखणीत आवाजात म्हणायची, "कोट." आणि तो कोटाचं सांगायचा. तिनं त्याला माफ केलं का, असं लोक मला विचारतात. मला माहीत नाही. परतीच्या बसमध्ये तिनं उकडलेलं रताळं मोडून अर्धं त्याला दिलं, एवढं मी पाहिलंय.

तेसिकला आईनं फोन केला. तो पहिल्यांदाच स्मरणाचा दिवस नसताना आला. बापाचा कोट अंगात घालून बंदरावर उभा राहिला. बाह्या आखूड झाल्या होत्या.

दोकचुलबद्दल सांगायचं ते संपलं. पण एक राहिलंय.

तेसिकचं लग्न मोडलं तेव्हा मुलीच्या आईच्या कानावर ते घालणारी मी. बाजारात, मासळी निवडता निवडता, काही कारण नसताना. त्या गलक्यात मी हे देवाला शेकडो वेळा सांगितलंय, अगदी रडून सांगितलंय. घंटा वाजली की मी वेळेवर गप्प व्हायचे. माझे कान शाबूत आहेत ना.

गेल्या शनिवारी मी आणि बोंगसुन स्वयंपाकघरात मुळे धूत होतो. मी नळ पूर्ण सोडला होता, पाण्याचा धो धो आवाज, आणि त्या आवाजात माझे ओठ हलू लागले होते.

"काय पुटपुटतेस गं ओकर्ये?" ती म्हणाली. "मला काही ऐकू येत नाही."

मी नळ बंद केला.

"ताई," मी म्हटलं, "तेसिकच्या लग्नाचं सांगायचंय."