उसन्या छातीचा फोटो

माझ्या वडिलांना चालताना धाप लागते, हे त्यांनी मला दोन वर्षं कळू दिलं नाही. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर ते चंद्रपूरहून माझ्याकडे बंगळुरूला, व्हाइटफील्डमध्ये राहायला आले आणि आल्या आल्या आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक गोष्टीत त्यांना विलक्षण रस वाटू लागला. गेटपासून लिफ्टपर्यंत जेमतेम शंभर पावलं. तेवढ्यात ते चार ठिकाणी थांबत. कुणाच्या तरी गाडीचा नंबर वाचत, तुळशीच्या कुंडीवर वाकून मंजिऱ्या न्याहाळत, नोटीस बोर्डावरची कन्नड सूचना मन लावून बघत. कन्नडचं एक अक्षर त्यांना येत नाही. शेजारीण म्हणायची, तुमच्या वडिलांना या वयातही किती कुतूहल आहे. मला अभिमान वाटायचा. मूर्ख मी.

खोकला मात्र लपेना. त्याचं खापर त्यांनी बंगळुरूवर फोडलं. समोर टॉवर उभा राहतोय त्याची धूळ, रस्ता खणलाय त्याची धूळ. आयुष्यभर जमिनीखाली कोळसा काढला तेव्हा काही झालं नाही, तुमच्या या कॉम्प्युटरवाल्यांच्या गावानं मात्र घसा धरला, असं ते येईल त्याला ऐकवत. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे गूळ. खाणीत पाळी संपली की सगळे गुळाचा खडा तोंडात टाकायचे. छातीतली भुकटी गुळानं खाली उतरते, ही तिथली पक्की समजूत. गूळ पोटात जातो, भुकटी फुप्फुसात, दोन्ही वाटा वेगळ्या, हे मी कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि माझी चित्रकला शाळेपासून अशीच आहे म्हणाले. खिशातले खडे माझ्या वॉशिंग मशीनमध्ये विरघळायचे आणि ऑफिसला जाताना माझ्या कुर्त्याला मुंग्या लागायच्या.

मग एका सकाळी ते लिफ्टमध्येच खाली बसले. ओठ निळसर पडले होते. तिथे वाचायला काही नव्हतं, त्यामुळे बहाणाही सुचला नसावा. मी जाम चिडले, कारण मी घाबरले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांना छातीच्या डॉक्टरकडे नेलं. जाताना कपाटातली त्यांची खाणीतली फाईलही उचलली, त्यांना न विचारता.

डॉक्टर तरुण होती, जयनगरच्या एका जुन्या मराठी घरातली. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण कन्नडमध्ये चांगली मुरलेली. वडिलांना ती अण्णा म्हणाली, त्यावर ते खूश झाले. तिने नवा एक्स-रे लावला. फुप्फुसांच्या वरच्या भागात दोन्हीकडे लिंबाएवढ्या सावल्या. शेजारी मी फाईलमधला निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा एक्स-रे दिला. तो लख्ख. डॉक्टर गंभीर झाली. एवढं सगळं या थोड्या वर्षांत वाढलं असेल तर कदाचित कॅन्सर असेल, म्हणाली. पाठीतून सुई घालून तुकडा काढून तपासावा लागेल. मुळात श्वास कमी, त्यात सुईनं फुप्फुस बसण्याचाही धोका. वडील भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

तेवढ्यात तिने दोन्ही फोटो पुन्हा जवळ आणले.

"अण्णा, स्वल्प, जरा इकडे बघा. तुमचं डावं गळ्याचं हाड कधी मोडलं होतं?"

जुन्या फोटोत मोडून जुळलेलं हाड होतं. नव्यात त्याची खूणच नव्हती. मोडलेलं हाड जुळतं, पण खूण अशी पुसली जात नाही, असं ती सावकाश म्हणाली. मी वडिलांकडे पाहिलं. कॅलेंडर वाचून संपलं होतं.

"तो फोटू माहा नाही, बाई," ते मला म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. खाणीत ठरावीक काळानं छातीची तपासणी व्हायची. डाग दिसला की माणसाला वर आणून दिव्यांच्या खोलीत बसवत, खाली जाणाऱ्यांना दिवे वाटायला. खाली थेट कोळसा फोडायचं काम केलेल्या माणसाला ही बेइज्जती वाटे. वडिलांच्या छातीत डाग निघाला तो मी शाळेत असताना. कंपाउंडर ओळखीचा, त्याने तो कागद दाबला. पुढच्या खेपेपासून त्यांच्या आणि आणखी काही जणांच्या नावावर एक मित्र उभा राहू लागला, स्वच्छ छातीचा, सायकलवरून पडून हाड मोडून घेतलेला. तो दर नावाला शर्ट बदलून रांगेत यायचा. फोटो काढणारा फक्त छात्या बघायचा, तोंडाकडे बघायला त्याला फुरसत नसे. बदल्यात मटणाचं जेवण. तपासणीच्या आठवड्यात त्या मित्राचं वजन वाढायचं.

मला हसू फुटलं. सुई टळणार हे दिसत होतं आणि आमचे शिस्तीचे वडील, ज्यांनी मला एकदा कॉपी केल्याबद्दल बदडलं होतं, ते असे परीक्षा पास झाले होते. डॉक्टरही हसली. सरी, ठीक आहे, म्हणाली, डाग इतका जुना असेल तर ही कोळशाचीच करामत दिसते. आता फक्त स्कॅन, आणि तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. वाढ नसेल तर सुई नाही. बारीक भुकटी फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते, शरीर तिच्याभोवती व्रण बांधत राहतं आणि फुप्फुस चामड्यासारखं ताठर होतं. एकदा गेलेली भुकटी कशानंच बाहेर येत नाही. डाग दिसला तेव्हाच अण्णा खाणीतून वर आले असते, तर बहुतेक इतकं वाढलं नसतं, असंही ती म्हणाली.

वडील ऐकत होते. मी डोळे पुसत मित्राच्या शर्टांबद्दल अजून काहीतरी विचारत होते.

डॉक्टरनं लिहिता लिहिता विचारलं, त्या छातीवर आणखी कोण कोण पास झालं? त्यांनाही फोन करून सांगा, आता तरी तपासून घ्या म्हणावं.

वडिलांनी खिशातून फोन काढला, हातात धरला आणि परत खिशात ठेवला.

"सात जन होतो," ते म्हणाले. "आता कोनाले लावू फोन? मीच एकटा उरलो."

मी अजून हसतच होते. तोंड मिटायला मला वेळ लागला.