पहारीच्या पात्याला दिलेलं पाणी

अंगात आलेल्या एका बाईला मी भर आरतीत विचारलं होतं, "देवी, माझं जोडवं कुठं हरवलं तेवढं सांग." तिला सांगता आलं नाही. तेव्हापासून गावानं मला असल्या कार्यक्रमांना बोलावणं बंद केलं, आणि मलाही बरंच वाटलं. भूत, चकवा, करणी... यातलं मी तेव्हा काही मानत नव्हते, आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाच्या आत्याच्या जावेच्या बाबतीत घडलेलं नाही. सांडशी माझ्या हातात होती.

मी चौथी शिकलेली. आमचं घर जालना रोडवर, करमाडच्या अलीकडं. पूर्वी तिथं आमचं शेत होतं. कारखाने आले, मागून कॉलन्या आल्या, शेताचे प्लॉट पडले. एक प्लॉट आम्ही ठेवला आणि त्यावर घर बांधलं. आमची विहीर नेमकी त्या प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात आली. तिचं पाणी केव्हाच गेलं होतं. लेकरं पडतील म्हणून माझ्या मुलानं, दिनकरनं, मुरूम टाकून ती बुजवली.

ती विहीर बहात्तरच्या दुष्काळात मालकांनी खोदलेली. मालक म्हणजे माझा नवरा, आमच्याकडं असंच म्हणतात. तेव्हा माझं नवीन लग्न झालेलं. ते खाली पहार मारायचे आणि मी वर माती ओढायचे. पाणी लागलं त्या दिवशी ते हसले होते. मालक सहसा हसत नसत.

आता सुऱ्यांचं सांगते. शेत गेल्यावर हाताला काम राहिलं नाही. सुनेनं मॉलमधून आणलेली सुरी टमाट्यावरून घसरायची. मी म्हटलं, यापेक्षा बरी मी करीन. लहानपणी आमच्या गावाबाहेर घिसाडी उतरायचे. बाप्या लाल लोखंड धरायचा, त्याची बायको घण घालायची, आणि मी भाता ओढायला बसायचे. तेवढंच माझं ट्रेनिंग. ट्रकच्या ब्रेक ड्रमची भट्टी केली, वारा घालायला जुना हेअर ड्रायर, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा. लोखंड भंगारातलं, गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. पहिल्या पाच-सहा सुऱ्या फेकून दिल्या, मग जमायला लागल्या. कॉलनीतल्या बायका तोंडावर मावशी म्हणायच्या आणि पाठीमागं लोहारीण. सुऱ्या मात्र माझ्याकडूनच न्यायच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — ठोकून आकार दिलेलं पातं मऊ असतं. ते लाल करायचं. लोहचुंबक चिकटेनासं झालं की पाण्यात नाहीतर तेलात बुडवायचं. चर्र होतं आणि पातं कडक होतं. त्याला पाणी देणं म्हणतात. मग कानस मारून बघायची. कानस चावली तर पातं मऊ, घसरली तर जमलं.

एक अख्खं वर्ष आम्ही टँकरच्या पाण्यावर काढलं, त्याच वर्षी मालकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं थोडं परत आलं, जेवण मात्र सुटलं. भूक नव्हती असं नाही. या माणसानं जन्मात कधी दुसऱ्यानं चिरून दिलेलं खाल्लं नव्हतं. भाकरीवर कांदा ठेवायचा आणि बुक्कीनं फोडायचा, तेही उजव्या हाताच्या. आता सून सुनीता बशीत कापून द्यायची आणि हे तोंड फिरवायचे. भरवायला गेलं की दात आवळायचे. अंगातला सदरा लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. दिनकरचे डोळे भरून आले. मी म्हटलं, रडू नको, नळी लागणार नाही.

चप्पल शिवणाऱ्याकडं रापी असते, तुम्ही बघितली असेल. अर्धगोल पातं, मूठ वरच्या अंगाला. एका हातानं दाबून डोलवलं की कापतं. तशी सुरी करायची ठरवली, डाव्या हातासाठी.

पहिली पाट्याची केली. चांगली झाली होती. मालकांनी हातात घेतली, फिरवून बघितली आणि खाली ठेवली. मग भिंतीला टेकलेल्या पहारीकडं बोट केलं.

"तिची कर."

विहिरीची पहार. मी सांगितलं की जुनं लोखंड आहे, टोकाला तेवढंच पोलाद, त्याचाही भरवसा नाही. त्यांनी परत बोट केलं. एवढा संसार केल्यावर मला कळतं, या माणसाला तिसऱ्यांदा सांगून उपयोग नसतो.

त्या टोकात दोनच पाती निघाली. पहिलं टँकरच्या पाण्यात बुडवलं आणि टिक् असा बारीक आवाज आला... काचेला जाते तशी आरपार चीर गेली. दुसरं मी भिऊन तेलात दिलं. ते फुटलं नाही, पण कानस लोण्यात घुसावी तशी घुसली. आता तेच एक पातं उरलं होतं. ते परत तापवायचं आणि पाण्यातच द्यायचं, दुसरा इलाज नव्हता. तोपर्यंत मालक वाटीभर वरणाच्या पाण्यावर आले होते. दिनकरनं नळीसाठी सोमवारची वेळ घेऊन ठेवली.

रविवारी सकाळी चूल आवरून मी भट्टी पेटवली. मालकांची खुर्ची शेवग्याच्या सावलीत ठेवली होती. पाण्याची बादली उन्हात कोमट केली, गार पाण्यात तडा लवकर जातो. पातं लाल झालं, चुंबक सुटलं, मी सांडशीनं उचललं आणि बादलीकडं वळले.

"त्यात नको."

मी थांबले नाही.

"दिनकरची माय. त्यात नको. फुटंल."

लकव्यानंतर एवढं एका दमात ते बोलले नव्हते. डाव्या हातानं मागचा कोपरा दाखवत होते, विहिरीचा. "तिथं दे. पाणी हाय."

"तिथं मुरूम हाय," मी म्हटलं. "तुमच्या लेकानं टाकलेला."

"त्याच्या खाली."

राग आला मला. पण रागातही हिशोब सुटला नाही. लाल पातं मातीत घातलं तर सावकाश थंड होतं आणि मऊ राहतं, बिघडत काही नाही, परत तापवता येतं. उलट मी त्यांचं न ऐकता केलेली सुरी कितीही चांगली झाली तरी हे तिला हात लावणार नव्हते. म्हटलं, एकदा दाखवूनच देऊ. मग तरी गप बसतील. कोपऱ्यात गेले आणि धारेकडून दोन बोटं पातं मुरमात खुपसलं.

चर्र झालं. लाल लोखंड मातीत घातलं की नुसतं फुसफुसतं, मला तो आवाज माहीत आहे. हा आवाज पाण्याचा होता. सांडशी हातात थरथरली. मनगटाभोवती वाफ आली आणि तिला शेवाळाचा वास होता, विहिरीच्या तळाला येतो तसा.

मागच्या दारात सुनीता हंडा घेऊन उभी. "आत्याबाई, टँकर आला का? पाण्याचा आवाज आला."

मी पातं वर काढलं. धारेवर थेंब लोंबत होते. एक मुरमावर पडला आणि तिथंच जिरला. मी हात घालून बघितला. मुरूम कोरडा, उन्हानं चटका देणारा. कानस घेतली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. तडा नाही, बाक नाही.

"झालं?" मालकांनी विचारलं.

"झालं."

मी विचार करत बसले नाही, माझ्याकडं सोमवारच्या आतला वेळ होता. पातं सुनेच्या ओव्हनमध्ये गव्हाळ रंगावर आणलं, त्यानं ठिसूळपणा जातो. कुरुंदाच्या दगडावर धार लावली. बाभळीची मूठ तयारच होती, ती तांब्याच्या रिव्हेटनं बसवली आणि जवसाचं तेल चोळलं. रात्रीच्या जेवणाला मालकांसमोर पाट ठेवला, पाटावर कांदा, आणि डाव्या हातात सुरी दिली.

पहिला कांदा निसटून बाजेखाली गेला. सुनीता उठायला लागली, मी तिला डोळ्यानं बसवलं. मालकांनी दुसरा मागितला. लुळं उजवं मनगट टेकवून तो दाबून धरला, डाव्या हातानं सुरी टेकवली आणि डोलवली. जाडबारीक, वेडेवाकडे तुकडे झाले. त्यांनी ते भाकरीवर घेतले आणि जेवले. अर्धी भाकरी संपल्यावर म्हणाले, "मिरची नाय का?" दिनकर उठून बाहेर गेला आणि त्यानं दवाखान्यात फोन करून सोमवारची वेळ रद्द केली.

नंतर त्यानं तो कोपरा खणून घेतला. पुरुषभर खालीसुद्धा मुरूम फुफाट्यासारखा कोरडा. शेजारचे म्हणाले, पाइपलाइन फुटली असेल. आमच्या कॉलनीत तेव्हा पाइपलाइनच नव्हती. कुणी म्हणालं, बादली सांडली असेल. बादली तशीच भरलेली होती, सुनीतानं तिच्यात दुपारी धुणं धुतलं. एक शहाणा म्हणाला, तुमचा घाम असेल. माझ्या घामानं पोलाद कडक होत असेल तर मी कारखाना काढते. मी स्वतःही पाट्याचं दुसरं पातं घेऊन परत करून बघितलं, त्याच जागी, मालकांना त्याच खुर्चीत बसवून. पातं मऊ निघालं आणि मातीनं भरलं.

एकदा जेवताना मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते कांदा चिरत होते. वर न बघता म्हणाले, "खोदली कुणी?"

त्यानंतर ते काही वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत स्वतः चिरून जेवले. ते गेल्यावर बायका म्हणाल्या, त्या कोपऱ्यात दिवा लावत जा. मी तिथं कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे.

एक गोष्ट राहिली. कांद्याच्या रसानं लोखंड काळवंडतं. महिन्याभरात त्या पात्यावर एक रेघ उठली, धारेपासून दोन बोटं वर, लाटेसारखी वाकडी. खाली एक रंग, वर दुसरा. लोखंडाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पातं अर्धंच पाण्यात बुडवलं की तशी रेघ येते. मातीत घातलेल्या पात्यावर ती येत नाही, मी घालून बघितलंय.

याचा खुलासा मला जमला नाही, आणि ज्यांनी ज्यांनी केला त्यांचा मला पटला नाही. सुरी आमच्या स्वयंपाकघरात आहे, रोजच्या वापरात. कुणाला बघायची असेल तर या. पाणी कुठवर आलं होतं, ते तिच्यावर अजून दिसतं.