धबुकारातलं जास्तीचं नाव

दिग्रसच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की पद्मजा त्याचं शेवटचं पान आधी वाचत असे. रहस्यकथा असली तर हमखास. खुनी कोण ते कळलं की मग ती निवांतपणे पहिल्या पानाकडे वळायची. "मला धक्के सोसत नाहीत," असं ती सांगायची, आणि वाचकांनाही शेवट सांगून मोकळी व्हायची. त्यामुळे काही वाचक ती जेवायला गेल्यावरच पुस्तक बदलायला येत.

वडील तहसील कचेरीत कारकून होते. ते गेले, भाऊ नागपूरला स्थायिक झाला; पद्मजा मात्र लग्न न करता वाचनालयाच्या त्या दोन खोल्यांतच रमली. कापसानं सगळ्या गावाचं कंबरडं मोडलेली ती वर्षं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि रिकामी झालेली माणसं वाचनालयात येऊन बसत होती. त्यांत तिचा शाळेतला वर्गमित्र लखन होता. जवळच्या बंजारा तांड्यावरचा. मॅट्रिकनंतर जिनिंगमध्ये लागला, फोरमन झाला, आणि जिनिंगला कुलूप लागल्यावर टेम्पो चालवू लागला. रहस्यकथांचा त्याला भारी नाद.

त्या दिवाळीच्या आधी एका फ्रेंच कादंबरीचा मराठी अनुवाद आला. शाळेतले जुने मित्र पुष्कळ वर्षांनी भेटतात आणि त्यांनी पुरून ठेवलेली एक गोष्ट वर येते, असं काहीसं. लखननं ते पुस्तक नेलं आणि अर्धवट वाचून परत आणलं.

"काय रे, आवडलं नाही?"

"त्या फ्रान्सच्या लोकायले कामधंदे नाहीत का? कायले उकरून राह्यले जुनं?"

"अरे, शेवटी त्यांच्यातलाच एक जण सगळं सांगून टाकतो."

"सांगितलंच का तू!" लखन म्हणाला, पण नेहमीसारखा हसला नाही.

तेवढ्यात जमनाबाई आत आली. लखनची चुलती. तिचा एकुलता एक मुलगा नेमसिंग याच दोघांच्या वर्गात होता. पद्मजाची कंपासपेटी पळवणारा, मागच्या बाकावरचा. मॅट्रिकची परीक्षा झाली आणि तो सुरतेला कामाला गेला. लखननंच त्याला ट्रकवर बसवून दिलं होतं, असं तो सांगे. पुढे दर दोन-चार वर्षांनी लखन बातमी आणायचा: अमक्याला तो तिथे दिसला, बरा आहे. पद्मजानंही ते कधी तपासून पाहिलं नाही.

आता जमनाबाईला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. दीर बापूजी, म्हणजे लखनचे वडील, उन्हाळ्यात वारले होते. दिवाळी झाली की सुरतेला जाऊन मुलाला घेऊनच यायचं, असं तिनं ठरवलं होतं. पाट्या वाचायला पद्मजा सोबत जाणार होती. अकोल्याहून गाडीची तिकिटंही काढून झाली होती.

जमनाबाईनं पिशवीतून नवा शर्ट काढला आणि लखनच्या पाठीला लावून पाहिला.

"सरळ उभा राय. माहा नेम्या आता तुयाएवढाच झाला असंन. का जाडा झाला असंन, पद्माबाई?"

"त्याला नाही हो चरबी चढायची, जमनाबाई."

लखन खांदे आखडून उभा राहिला. शर्ट बरोबर बसला.

दिवाळीच्या सकाळी पद्मजा तांड्यावर गेली. बरीच वर्षं जमनाबाई तिला धबुकाराला बोलवायची. विस्तवाच्या निखाऱ्यांवर तूप आणि लापशी टाकून घरातल्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायची, एकेकाला जेवू घालायचं, असा हा विधी. एखादं नाव राहिलं तर तो माणूस वर्षभर उपाशी राहतो असं मानतात. आजवर नावं बापूजी घेत. लखन मागे बसायचा आणि सगळे उठल्यावर मुकाट्यानं आणखी एक चिमूट निखाऱ्यावर टाकायचा. पद्मजानं ते पाहिलं होतं. देवासाठी असेल, असं तिला वाटायचं.

या वर्षी पुढे बसायची पाळी लखनची होती.

"धावजी," तो मोठ्यानं म्हणाला आणि आजोबांचा घास निखाऱ्यावर टाकला. तूप चरचरलं. "रामसिंग." हा जमनाबाईचा नवरा. "बापूजी." वडिलांचं नाव घेताना आवाज कापला. त्यानं डोळे मिटले, हात सवयीनं पुन्हा लापशीत गेला.

"नेमसिंग."

घास पडला. धूर झाला. लखननं डोळे उघडले तेव्हा त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"काहून घेतलं रे त्याचं नाव?" जमनाबाई म्हणाली. "तो हाय ना सुरतेले? काहून घेतलं?"

पद्मजाला वाटलं, आता तो चुकलं म्हणेल. म्हणावं, असं तिला फार वाटलं.

"काकी, तो सुरतेले गेलाच नाही." लखन निखाऱ्यांकडेच पाहत होता. "आम्ही जिनिंगात लागलतो. दुपारच्याले तो कापसाच्या गंजीत झोपलता. म्या वरून गाडी रिकामी केली. मले दिसला नाही, काकी. त्यावर दुसरी गाडी, तिसरी गाडी. संध्याकाळी कापूस ओढता ओढता त्याचा पाय हाताले लागला." त्यानं एक निखारा काडीनं आत सारला. "मालकाचा माणूस म्हणे, तूच टाकला, तूच फासावर जाशीन. सुरतेले गेला म्हून सांग, तुले कायमचं काम देतो."

पद्मजाला आठवलं. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी याच लखननं तिला पेढा दिला होता. तिनं विचारलं होतं, नेम्याला कळवलं का? आणि तो म्हणाला होता, कळवलं.

"कोठी हाय?" जमनाबाईनं विचारलं.

"जिनिंगच्या मागं. बाभळीपाशी."

"आन् दरसाल तू त्याले जेवू घालत होता? मले न सांगता?"

"हो."

"म्या त्याच्यासाठी शर्ट शिवून राह्यली, आन् तू त्याले मेलेल्यात बसवून राह्यला!" तिनं हात उगारला. तो हात तसाच हवेत राहिला. मग तिनं लापशीची वाटी उचलली. "चाल. टेम्पो काढ."

दारापाशी सुरतेचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्यातून शर्टाची कॉलर बाहेर आली होती. पद्मजा त्याला वळसा घालून बाहेर पडली.

जिनिंगच्या फाटकाला गंजलेलं कुलूप होतं. मागची भिंत पडली होती, तिथून तिघं आत गेली. यंत्रं भंगारात विकलेली, सगळीकडे तरोट्याचं रान माजलेलं. लखन एका बाभळीपाशी थांबला आणि पुढे पाऊल टाकेना. जमनाबाई चाचपडत गेली, खाली बसली, जमिनीवर तळवा ठेवला. ती रडेल म्हणून पद्मजा जवळ गेली.

"काड्या येच, पद्माबाई," जमनाबाई म्हणाली. "इस्तो पाडा लागते."

पद्मजानं काटक्या गोळा केल्या. काडी लखननं ओढली. विस्तव पडला. जमनाबाईनं वाटी लखनपुढे केली.

"आता घे नाव. पह्यलेसारखं तोंडातल्या तोंडात नाही. सगळ्या गावाले आयकू जाईन असं घे."