शंकासुराचा पत्ता

रविवारी अकराच्या ठोक्याला कानवाली स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणायच्या, "झाली हिची शाळा सुरू."

शाळा म्हणजे फोनवरची चर्चा. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर 'गंमत अशी की' नावाची मालिका लागायची. तीत एक गंभीर चेहऱ्याचे प्राध्यापक होते आणि त्यांचा एक धांदरट मदतनीस. प्राध्यापक सांगायचे एक, मदतनीस करायचा भलतंच, मग काहीतरी सांडायचं, फुटायचं, उडायचं. हसता हसता बघणाऱ्याला कळून जायचं, की गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम का फुटतो. या मालिकेच्या शहरातल्या तीसेक चाहत्यांनी फोनवर एक गट केला होता. दर रविवारी सगळे एकाच कॉलवर जमून आदल्या दिवशीच्या भागाचा कीस पाडायचे. गट सुरू केला होता एका ग्रंथपालबाईंनी. त्यांचा नियम एकच. इथे कुणाचं आडनाव नको, पदवी नको, हुद्दा नको. नाहीतर दोन डॉक्टर बोलतील आणि बाकीचे माना डोलावतील. म्हणून सगळ्यांना टोपणनावं.

कानवाली चव्वेचाळीस वर्षांची. बारावीनंतर शिक्षण सुटलं ते सुटलंच. गेली सतरा वर्षं ती कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करत होती. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, आणि काचेच्या अलीकडून एकेक शब्द बोलायचा: पान, कान, भान, तान. पेशंट जे ऐकेल ते परत म्हणणार. कुणी 'भान'ला 'पान' म्हटलं की हिने फुली मारायची. दिवसाला वीस माणसं, माणशी पन्नास शब्द. एवढ्या वर्षांत तिचा कान असा तयार झाला होता, की बोलणाऱ्याची कवळी सैल आहे की नवी, हेही तिला आवाजावरून कळायचं. पण हुशारी दाखवायची सोय नव्हती. एकदा एका पेशंटच्या बोलण्याबद्दल तिने डॉक्टरांना काही सुचवलं, तर ते चारचौघांत म्हणाले होते, "बाई, तुम्ही बटण दाबा. निदान आम्ही करतो." तेव्हापासून ती गप्प राहायला शिकली होती.

गटात ती बोलायची ती शंकासुरामुळे. शंकासुर म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, एकटेच राहणारे, कशावरच पटकन विश्वास न ठेवणारे. मालिकेत काहीही दाखवलं तरी "थांबा, मी करून बघतो" म्हणायचे आणि खरंच घरी करून बघायचे. मोजमाप इतकं काटेकोर, की ते निवृत्त इंजिनिअर असणार अशी सगळ्यांची खात्री होती. कानवाली काही चुकीचं बोलली तर ते हसायचे नाहीत. म्हणायचे, "कानवाली, तुमचा प्रश्न चांगलाय. उत्तर चुकलंय." एवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

त्या रविवारी चर्चा भोवऱ्यावर होती. भोवरा फिरताना पडत का नाही, यावर टॅक्सीवाला तावातावाने बोलत होता. हा गटातला सर्वांत बडबड्या. गाडी रस्त्याकडेला लावून चर्चेत भाग घ्यायचा. त्याचं झाल्यावर शंकासुर म्हणाले, "मला नाही पटत. भोवला जल... भोवला जल थलथलला..."

सगळे खो खो हसले. आदल्या दिवशी मदतनीस भोवऱ्यासारखा गोल फिरला होता आणि चक्कर येऊन असंच बोबडं बोलला होता. टॅक्सीवाला म्हणाला, "वा काका! नक्कल झकास!"

कानवालीच्या हातात भाजीची सुरी होती. ती तशीच थांबली. नकलेत माणूस प्रत्येक अक्षर मुद्दाम वाकडं करतो. इथे 'म' आणि 'प' स्वच्छ होते, 'र' तेवढा गायबच झाला होता, आणि शंकासुर वाक्याच्या मध्येच पुन्हा मागे जाऊन तोच शब्द धरू बघत होते.

बोलावं का? हसतील सगळे. काका स्वतःच म्हणतील, अहो, मी गंमत करत होतो. बटण दाबणारीने बटण दाबावं. मग मात्र तिच्या तोंडून शब्द निघाले ते दवाखान्यातल्या आवाजातच.

"शंकासुरकाका, मी म्हणते ते माझ्यामागून म्हणा. तारीख."

"अहो, हे काय मध्येच?" कुणीतरी म्हणालं.

"गप्प बसा सगळे! काका, तारीख."

"ता... ताली..."

"सरबत."

"तलब..." मग नुसता श्वास. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, काहीतरी जड आपटलं, आणि फोन जमिनीवर घरंगळला.

आता कुणीच हसत नव्हतं.

"झटका आलाय त्यांना," कानवाली म्हणाली. "मेंदूचा. ग्रंथपालबाई, रुग्णवाहिका बोलवा."

ग्रंथपालबाईंनी घरच्या दुसऱ्या फोनवरून नंबर लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, पत्ता काय? दोन वर्षं दर रविवारी बोलणाऱ्या या माणसाचं नाव, गल्ली, घर, काही म्हणजे काही कुणाला ठाऊक नव्हतं. फोन नंबरावरून पोलीस शोधतील, पण त्याला तास-दोन तास लागतील, असं उत्तर आलं. तो नियम आपणच केला होता, हे आठवून बाईंचा आवाज रडवेला झाला. "मी काय करून बसले..."

"ते नंतर," कानवाली म्हणाली. "पुलाजवळ येऊन थांबा म्हणावं त्यांना."

"पुलाजवळ का?"

कारण कानवालीला आवाजाच्या वेगाचा भाग आठवला होता. नदीवर नवा पूल होत होता. शंकासुरांना खिडकीतून तिथलं खांब ठोकणारं यंत्र दिसायचं. घण पडलेला आधी दिसायचा, धाडकन आवाज मागून यायचा. त्यांनी घड्याळ लावून दहा वेळा मोजलं होतं आणि गटात लिहिलं होतं: सरासरी एक पूर्णांक सात सेकंद.

"म्हणजे घर पुलापासून पावणेसहाशे मीटरवर," टॅक्सीवाला म्हणाला. "पण कुठल्या दिशेला? पुलाच्या भोवती हजार घरं आहेत."

तेवढ्यात दार उघडून सासूबाई आत आल्या. सुनेचा आवाज असा चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. "काय गं, काय झालं?" त्यांनी विचारलं. कानवालीने दोन वाक्यांत सांगितलं. मालिका सासूबाईही बघायच्या, वर चर्चाही दाराआडून ऐकायच्या, फक्त कबूल करायच्या नाहीत.

"तो टाकीवाला का?" त्या म्हणाल्या. "सकाळी नऊ वाजता पाण्याच्या टाकीची सावली गॅलरीत येते, कपडे वाळत नाहीत, म्हणून कुरकुरत होता तो?"

कानवालीने सासूबाईंकडे बघितलं आणि तेच वाक्य फोनमध्ये जसंच्या तसं सांगितलं. सकाळची सावली पश्चिमेला पडते. म्हणजे घर टाकीला लागूनच, पश्चिमेच्या बाजूला.

"पुलाजवळ टाक्या दोन," टॅक्सीवाला म्हणाला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "एक रेल्वेची. तिच्या पश्चिमेला नुसते रूळ आहेत, घर एक नाही. दुसरी पाणीपुरवठ्याची. मी निघालो. सात मिनिटं."

ती सात मिनिटं कानवाली ओट्याला टेकून उभी राहिली. तिने सगळ्यांना आपापले आवाज बंद करायला सांगितलं आणि कानात हेडफोन घातला. शंकासुरांचा फोन अजून चालू होता. पंख्याची टकटक ऐकू येत होती. कुठेतरी नळ ठिबकत होता. आणि श्वास, घरघरणारा, मध्येच थांबणारा. तो थांबला की तिचाही थांबायचा. "काका, आम्ही येतोय," ती दर थोड्या वेळाने म्हणत होती. ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, सुनेचं मनगट धरून.

"टाकीखाली आलो," टॅक्सीवाल्याने सांगितलं. "पश्चिमेला चार गल्ल्या आहेत. सगळ्या चार मजली इमारती. कुठे घुसू?"

"प्रत्येक गल्लीत जा आणि हॉर्न दे. तीन छोटे, एक लांब. त्याआधी तुझा आवाज बंद कर, म्हणजे तुझ्या फोनमधून मला ऐकू येणार नाही. मी काकांच्या फोनमधून ऐकते."

पहिली गल्ली. कानवालीने कानात प्राण आणले. पंखा, नळ, श्वास. हॉर्न नाही.

दुसरी गल्ली. कुठेतरी लांबवर काहीतरी. पण रस्त्यावर हॉर्न काय, कुणाचेही वाजतात. तीन छोटे होते का? तिला दोनच लागले. "पुन्हा दे." तीन. आणि एक लांब. पण पातळ, भिंतीआडून आल्यासारखा.

"पुढच्या गल्लीत जा."

तिसऱ्या गल्लीत हॉर्न वाजला आणि तिने कानातून हेडफोन जवळजवळ उपटलाच, इतका तो कर्कश आला.

"हीच! हीच गल्ली! गॅलऱ्या बघ. वाऱ्याचा वेग मोजायला त्यांनी चार पळ्यांचं चक्र बसवलंय म्हणाले होते."

दहा सेकंद गेले. तिला ते दहा मिनिटांसारखे वाटले. मग टॅक्सीवाला ओरडला, "दिसलं! तिसरा मजला! फिरतंय!" आणि त्याच्या पावलांचा जिन्यावरचा धडधडाट सुरू झाला.

कुलूप आतून होतं. शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आल्या, त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती. दार उघडल्याचा आवाज कानवालीने आधी टॅक्सीवाल्याच्या फोनमधून ऐकला आणि लगेच शंकासुरांच्या. मग टॅक्सीवाल्याचा आवाज, अगदी जवळून, खाली वाकून बोलल्यासारखा: "काका, मी टॅक्सीवाला. हलू नका." पुलाशी थांबलेली रुग्णवाहिका चार मिनिटांत पोचली. अकरा वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

कानवाली खाली फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. सासूबाईंनी ओट्यावरची सुरी उचलून बाजूला ठेवली. "रड," त्या म्हणाल्या. "भाजी मी चिरते."

चौथ्या दिवशी ती आणि टॅक्सीवाला हॉस्पिटलात गेले. वेळेत आणलंत म्हणून वाचले, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. खाटेवर एक लहानखुरा माणूस उशीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित होता. त्यांच्या बहिणीकडून कळलं, की हे इंजिनिअर वगैरे कोणी नव्हेत. आयुष्यभर शिंपीकाम केलेलं, मोजायची सवय तिथली. त्यांनी दोघांकडे अनोळखी नजरेने बघितलं. बघणारच. ऐकून माहीत, पाहिलं कुणी होतं?

"मी कानवाली," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा अर्धाच हलला. डोळे मात्र पूर्ण भरून आले. बराच वेळ ओठ जुळवत ते एवढंच बोलले, "आवाजापेक्षा... लहान आहात."

पुढे बहीण त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. जीभ हळूहळू सुटली, हात काही पूर्ण आला नाही. चौथ्या महिन्यात ते चर्चेत परतले. एक वाक्य बोलायला त्यांना मिनिट लागायचं, आणि तीस माणसं ते मिनिटभर थांबायची. नेमकी तीस नाही, पंचवीस. कारण ग्रंथपालबाईंनी नियम बदलला होता. प्रत्येकाने खरं नाव आणि पत्ता त्यांच्या वहीत नोंदवायचा. पाच जणांना ते पटलं नाही, ते सोडून गेले. बाईंनी कुणालाही आग्रह केला नाही.

कानवालीने आपला पत्ता लिहून पाठवला त्या दिवशी सासूबाई तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या.

"माझंही नाव घाल," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कुठे गटात आहात, आई?"

"मग घे ना गटात. इतकी वर्षं दाराआडून ऐकून माझी मान आखडली." आणि जाता जाता म्हणाल्या, "दुसरा मजला, डावीकडचं दार, तेही लिही. बेल बिघडलीय म्हणावं, कडी वाजवा."