सरदाराची बदली

ह्यांना एका पोर्तुगीज सरदाराचं वेड होतं. वेड म्हणजे प्रेम नव्हे, उलट रागच. आम्ही वसईचे ख्रिस्ती, आडनावसुद्धा त्या लोकांकडून आलेलं. तेव्हा त्यांच्याशी भांडायचा पहिला हक्क आपला, असं हे म्हणायचे. आम्ही ओमानमध्ये, मस्कतजवळच्या सीबला राहायचो. शुक्रवारी सुट्टीला तिथून किनाऱ्यावरच्या कुरियात गावी मासळी आणायला निघालो की गाडीत सरदार सुरू. पाचशे वर्षांपूर्वीचा तो माणूस मलाही तोंडपाठ झाला होता.

खानदानी घरातला मुलगा, राजदरबारात वाढलेला, शिकलासवरलेला. पन्नाशी उलटल्यावर, लोक नातवंडं खेळवतात त्या वयात, हा जहाजं घेऊन आपल्या समुद्रात उतरला. कुरियात जाळलं, मस्कत जाळलं, धरलेल्या माणसांचे नाक-कान कापले. पुढे गोवा घेतला, होर्मुझ घेतलं. होर्मुझहून आजारी होऊन गोव्याकडे निघाला, तर वाटेत दुसरं जहाज भेटलं. त्यावरच्या लोकांकडून कळलं, की राजाने याच्या जागी याच्याच वैऱ्याला नेमलंय. मग तो फार दिवस टिकला नाही. गोव्याचं बंदर दिसायला लागलं आणि जहाजावरच गेला.

इथे आलं की हे चिडायचे. राजावर नाही, त्या जहाजावरच्या लोकांवर.

"मरणाऱ्या माणसाला सांगायची काय घाई होती? चार दिवस गप्प बसले असते तर शांत तरी मेला असता."

दर नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सेसाठी चर्चमध्ये घरच्या मयतांची नावं लिहून द्यायची असतात. आमच्या चिठ्ठीत सासूसासऱ्यांच्या खाली हे सरदाराचंही नाव लिहायचे. मी भडकायचे, "त्या कसायासाठी प्रार्थना?"

"ज्यांचे कान कापले त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत गं. नाहीतर ती वर लिहिली असती."

सव्वीस वर्षं हे मस्कतच्या एका हॉटेलात मेंटेनन्सचे मुख्य होते. मग स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही हाताबाहेर गेलेला. हे घरी पडून होते आणि त्यांचा फोन माझ्याकडे असायचा. त्यावर एके दिवशी हॉटेलचा मेल आला: एक तारखेपासून त्यांच्या जागी दुसरा माणूस. मी मेल पुसून टाकला. चार दिवस गप्प बसायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रोज संध्याकाळी मी शाळेच्या ऑफिसातून परत आले की हे विचारायचे, "हॉटेलातून काही?"

"तुमची वाट बघतायत. एसीच्या त्या मोठ्या चिलरची सर्व्हिस तुमच्यासाठी थांबवलीय म्हणे."

"थांबू दे," हे म्हणायचे आणि डोळे मिटायचे. मला वाटायचं, जमलं आपल्याला.

तीन आठवड्यांनी हे गेले. त्यांना वसईला न्यायचे कागद घेऊन हॉटेलातून एक ओमानी गृहस्थ आला, चाळिशीचा असेल. मेलमधलं नाव त्याचंच होतं. मला इतका राग आला, की बसासुद्धा म्हटलं नाही. तो उभ्यानेच रडायला लागला.

"मॅडम, मैं रोज सुबह आता था, आप ड्युटी जाने के बाद. मैंने पहले दिन माफी मांगी. उस्ताद बोला, माफी खलास, कागज निकालो. पूरा प्लांट बिस्तर पे सिखाया." मग खाली बघत म्हणाला, "बोला, मॅडम को मत बताना. वो टूट जाएगी."

मी खुर्चीत बसले. तीन आठवडे एकच बातमी आम्ही दोघं एकाच खोलीत लपवून बसलो होतो. मी चिलरच्या थापा मारत होते आणि माझं मन राखायला ते त्या ऐकून घेत होते. तीस वर्षांच्या संसारात इतके एकटे आम्ही कधीच नव्हतो. कुणीतरी एकाने तोंड उघडलं असतं, तर निदान दोघं मिळून रडलो असतो.