फिटरच्या हाती खांदा

लग्नानंतरचा बराचसा संसार मी फोनवर केला. नवरा बोटीवर फिटर. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. बॅग पुरती रिकामी होईपर्यंत जायची वेळ यायची. गेल्या खेपेला आला तेव्हा म्हणाला, कदाचित ही बोट शेवटचीच, आता घरीच. तो 'कदाचित' मला भातातल्या खड्यासारखा लागला, कारण बोटीवरच्या नोकऱ्या देणाऱ्या एजंटचे फोन काही थांबले नव्हते. फोन आला की तो उठून फणसाखाली जायचा आणि मी आत उगाच भांडी आपटायची.

त्यातच माझा उजवा खांदा धरला. आधी अंबाडा घालता येईना, मग ब्लाउजची बाही चढेना. शाळेत मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायला लागले. चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी क्रुसाची खूण करायची तर हात कपाळापर्यंत पोचेना, म्हणून मी कपाळच हाताकडे न्यायची. लोकांना वाटलं, बाईंची भक्ती वाढली.

कणकवलीच्या वैद्यबाईंनी हात जरा वर नेला आणि मी कळवळले.

"याला अवबाहुक म्हणतात," त्या म्हणाल्या. "वाताने सांधा कोरडा पडून आखडतो. रोज कोमट तेल, मग निर्गुडीच्या पाल्याचा शेक, नाकात तेलाचे थेंब. महिने जातील. घाई केलीत तर दुखणं वाढेल."

नवरा लक्ष देऊन ऐकत होता. बाहेर पडल्यावर म्हणाला, "ह्या माका म्हायत आसा. गंजलेल्या नटाक पयला तेल, मगे शेक, मगे वाट बघूची. जोर केलो तर बोल्ट मोडता."

"मी बोल्ट नाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी वाटीत तेल कोमट करून माझ्या मागे बसायला लागला. हात जड, पण नेमकं कुठे थांबायचं ते बोटांना कळायचं. सुरुवातीला आम्ही गप्पच असायचो, समोरासमोर बोलायची सवयच कुठे होती. मग पाल्याची पुरचुंडी शेकता शेकता तो इंजिनरूममधल्या उकाड्याचं सांगू लागला. इथे चर्चमध्ये लेकीच्या पहिल्या कम्युनियनचा विधी होता, त्या दिवशी तो बोटीच्या डेकवर एकटाच जाऊन बसला होता, हेही त्याने तेव्हाच सांगितलं. इतक्या वर्षांत हा माणूस मला एवढा कधी मिळाला नव्हता. खांदा बरा व्हावा असं वाटायचं, आणि होऊ नये असंही.

पण तो झाला. एका सकाळी भिंतीवर उंच असलेल्या अल्तारावर, येशूच्या तसबिरीपुढे, मी सहज फुलं ठेवली, तेव्हा तो चहा पीत समोरच बसला होता. वैद्यबाईंनीही आता तेल पुरे म्हणून सांगितलं.

त्याच संध्याकाळी एजंटचा फोन आला. तो फणसाखालून परत आल्यावर मी विचारलं, "तो काय म्हणता?"

"जागा आसा. उद्या कळवूक सांगल्यान."

अडवून ठेवायचं नाही, असं मी कधीच ठरवलं होतं. "माझो हात बरो झालो," मी म्हटलं. "तुका जावचा आसात तर जा."

तो आत गेला, तेलाची वाटी घेऊन आला आणि माझ्या मागे बसला.

"वैद्यबाय म्हणत होती," तो म्हणाला, "कधी कधी दुसरो खांदोय धरता."

वैद्यबाई असं काही म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं. त्याने माझ्या डाव्या, धडधाकट खांद्यावर तेल ओतलं आणि मी मुकाट्याने केस पुढे घेतले.